‘कुठेही चालेल’ म्हणण्याआधी

मी बजाजनगरात राहतो आणि वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांसाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहून देतो. १९८५ साली इथं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या अवतीभवती सुटे भाग करणारे अनेक लहानमोठे कारखाने उभे राहिले. अशाच एका कारखान्याच्या गेटवर एका रात्री मला जो धडा मिळाला, तो आज तुम्हांला सांगणार आहे.

गोष्ट २०१२ सालच्या मे महिन्यातली. रात्री साडेदहाला फोन वाजला. गेटवरचे मामा म्हणाले, “साहेब, वजनच येईना. दोन गाड्या भरून उभ्या आहेत.” त्या कारखान्यातल्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम माझा होता. गाडी काट्यावर आली की वजन थेट संगणकात यायचं आणि गेटपास छापला जायचा. हातानं वजन टाकायची सोय मी मुद्दामच ठेवली नव्हती, कारण मालकांना वजनात लबाडी नको होती. म्हणजे काटा बोलला नाही, तर गाडी हलणार नाही. आणि माल पहाटेच्या शिफ्टला पोचला नाही, तर पुढच्या कंपनीचं काम खोळंबणार, ठपका मात्र या लहान कारखानदारावर येणार.

तिथं गेलो तेव्हा कळलं, की दुपारी जुना संगणक काढून नवा बसवला होता. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं कारणही नव्हतं. प्रोग्रॅम देताना मीच छातीठोकपणे म्हणालो होतो, “भाऊ, संगणक बदला, विंडोज बदला, माझा प्रोग्रॅम कुठंही चालेल.”

मी असं का म्हणालो होतो? तो प्रोग्रॅम जावा या भाषेत लिहिला होता. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं जावा आणली, तेव्हा तिचं ब्रीदच होतं, एकदा लिहा, कुठेही चालवा. प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची बोली असते. एका बोलीतला प्रोग्रॅम दुसऱ्याला कळत नाही. जावानं युक्ती केली. प्रोग्रॅम एका मधल्या भाषेत ठेवायचा आणि प्रत्येक संगणकावर एक दुभाषी बसवायचा. दुभाषी बदलला की झालं, प्रोग्रॅम तोच.

पण दुभाष्याला काट्याशी बोलता येत नव्हतं. काट्याच्या डब्यातून येणारं वजन वाचण्यासाठी, तो डबा विकणाऱ्यांनी एक तयार फाइल दिली होती. अशा फाइलला नेटिव्ह लायब्ररी म्हणतात. ती मधल्या भाषेत नसते, थेट यंत्राच्या बोलीत असते. विंडोजवर तिला डीएलएल म्हणतात, लिनक्सवर एसओ, तर मॅकवर डायलिब. जावातून अशी लायब्ररी बोलावण्याची अधिकृत वाट १९९७ सालापासून आहे. मी ती वापरली आणि विसरून गेलो.

जुना संगणक ३२ बिटचा होता, नव्यावर सगळं ६४ बिटचं. माझा प्रोग्रॅम नव्या दुभाष्यानं निमूट वाचला, पण ती एक फाइल ३२ बिटचीच होती. कारखान्यात काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. बोल्ट मिलिमीटरचा आणि नट इंचाच्या आट्यांचा, तर एखाद-दोन फेरे बसतो आणि मग अडकतो. पडद्यावर जी चूक दिसत होती तिचं नावही मजेशीर आहे, ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’. जोडणी असमाधानी राहिली!

त्या रात्री उपाय सोपा निघाला. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटची जावाही चालते. ती बसवली आणि सव्वा वाजता दोन्ही गाड्या बाहेर पडल्या. भाऊ रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुम्ही तर म्हणाला होतात, कुठंही चालेल.” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या विक्रेत्यांकडे ६४ बिटची फाइल मागितली. उत्तर आलं, जुन्या मॉडेलसाठी ती निघणार नाही, नवा डबा घ्या. फाइलचा मूळ मजकूर माझ्याकडे नव्हता, त्यामुळे दुरुस्तीही करता येईना. शेवटी डब्याबरोबरची पुस्तिका शोधून काढली. तिच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की वजन तारेवरून साध्या अक्षरांत, ओळीओळीनं बाहेर पडतं. मग मी ते स्वतःच वाचायचं ठरवलं. तारेपर्यंत पोचायला लायब्ररी लागलीच. पण ही नवी लायब्ररी अशी होती, की विंडोज, लिनक्स, मॅक सगळ्यांसाठी तिच्या वेगवेगळ्या प्रती सोबतच येतात आणि मूळ मजकूर सर्वांना खुला असतो. शिवाय हे काम मी मुख्य प्रोग्रॅमपासून तोडून एका छोट्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे दिलं. तो बिघडला तर तेवढाच बदलायचा, बाकीच्याला धक्का नाही.

कुणी विचारेल, मग या लायब्रऱ्या वापरायच्याच कशाला? कारण त्यांच्यावाचून आपलं पान हलत नाही. मराठीचंच घ्या. ‘कि’ लिहिताना वेलांटी क-च्या आधी काढावी लागते, ‘दऱ्या’मधला र वेगळ्या आकाराचा होतो. ही अक्षरजुळणी पडद्यावर करणारी हार्फबझ नावाची लायब्ररी यंत्राच्या बोलीतच असते. अँड्रॉइड फोन, फायरफॉक्स, क्रोम, लिबर ऑफिस या सगळ्यांत तीच आहे. नाव फारसी आहे, ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे खुलं. ‘कुठेही चालवा’ म्हणणाऱ्या जावानंसुद्धा २०१७ साली, नवव्या आवृत्तीपासून, तीच आपल्या पोटात घेतली. एकदा नीट केलेलं काम प्रत्येकानं पुन्हा का करावं?

मात्र उसन्या वस्तूची जबाबदारीही येते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये वेबपी जातीची चित्रं उघडणाऱ्या एका लायब्ररीत धोकादायक त्रुटी सापडली. क्रोम, फायरफॉक्स आणि इतर कित्येक सॉफ्टवेअरना घाईनं दुरुस्ती द्यावी लागली, कारण सगळ्यांच्या आत ती एकच लायब्ररी होती. यंत्राच्या बोलीतल्या प्रोग्रॅमवर दुभाष्याचा पहारा नसतो. तो चुकला तर मेमरीत भलतीकडे हात घालू शकतो. २०१९ च्या ऑगस्टपासून गूगलनं आपल्या प्ले स्टोअरवर अशा लायब्रऱ्या असलेल्या अ‍ॅपना ६४ बिटची प्रत सक्तीची केली. २०२५ च्या नोव्हेंबरपासून मेमरीची पानं १६ केबीची असलेल्या फोनवरही नव्या अ‍ॅपनी चालावं, असा नियम आला. निव्वळ मधल्या भाषेत लिहिलेल्या अ‍ॅपवाल्यांना फारसं काही करावं लागलं नाही. ज्यांनी कुणाची तरी बंद फाइल आत ठेवली होती आणि ज्यांचा देणारा निघून गेला होता, त्यांची पंचाईत झाली. माझ्या काट्याचीच गोष्ट, फक्त मोठ्या प्रमाणावर.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी दुकान चालवत असेल, कुणी पतसंस्थेत असेल, कुणाचा दवाखाना असेल. सॉफ्टवेअर घेताना आपण किंमत विचारतो, पडदा बघतो. आणखी तीन प्रश्न विचारा. यात बाहेरून घेतलेल्या फाइली कोणत्या? त्यांचा मूळ मजकूर कुणाकडे आहे? उद्या संगणक बदलला, तर त्या कोण बदलून देणार? उत्तर कागदावर घ्या. आणि संगणक बदलायचा तर गाड्या भरायच्या दिवशी दुपारी बदलू नका. जुना आठवडाभर शेजारी राहू द्या.

आता मी प्रोग्रॅमसोबत एक पानी यादी देतो. कोणती लायब्ररी, कुठून आणली, कोणत्या संगणकावर तपासली. ‘कुठंही चालेल’ असं म्हणत नाही. भाऊंच्या कारखान्यात ती यादी गेटवरच्या खोलीत, काट्याच्या संगणकाशेजारी भिंतीवर चिकटवलेली आहे. नवा संगणक आला की मामा आधी मला फोन करतात.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)