वस्तादाचा वस्ताद कोण?



आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण गेटसभांत आणि वाचनालयात झाले. तेव्हा व्यायामविद्येवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर आम्हांला राग येणार नाही. कारण आजचा विषयच तो आहे. जो शिकवतो, त्याला कोणी शिकवले?

काही वर्षांपूर्वी आमच्या कामगारवस्तीत एका गृहस्थांनी स्वसंरक्षणाचा वर्ग काढला. भिंतीवर प्रमाणपत्रे, कमरेला काळा पट्टा. पोरे पाठवा म्हणून आम्हीच घरोघर सांगितले. दुसऱ्याच महिन्यात एका हमालाच्या मुलाचा हात कोपरातून मोडला. पडावे कसे हे शिकवण्याआधी पाडावे कसे हे शिकवले होते. मग आम्ही विचारले, आपले गुरू कोण? उत्तर आले नाही. नव्या मुकादमाची सात गावांत चौकशी करणारे आम्ही, पोरांच्या हाडांच्या बाबतीत पट्ट्याच्या रंगावर भुललो!

जपानात आयकिडो ही विद्या मोरिहेई उएशिबा यांनी उभी केली. ते 1915 साली होक्काइदो बेटावर ताकेदा सोकाकु या वस्तादाला भेटले आणि त्याचे शिष्य झाले. हे ताकेदा हिशेबाचे पक्के. शिकणाऱ्याचे नाव, शिक्का आणि दिलेली फी ते वहीत नोंदवून घेत. आमच्या युनियनच्या पावतीपुस्तकासारखेच म्हणा ना! पुढे उएशिबांनी विद्येला नवे वळण दिले, पण तिचे मूळ कोठे आहे हे कोणालाही तपासता येते.

पण जपान कशाला? आपल्या शेजारच्या बडोद्यात गजानन यशवंत तांबे झाले. लोक त्यांना प्रोफेसर माणिकराव म्हणत. लाठी, मल्लखांब, हाडे बसवणे यांत त्यांचा लौकिक मोठा. त्यांचे वस्ताद जुम्मादादा नावाचे मुसलमान गृहस्थ. माणिकरावांच्या संस्थेवर नाव लागले ते स्वतःचे नव्हे, तर ‘जुम्मादादा व्यायाम मंदिर’. दारातून शिरणाऱ्या पोराला विचारावेच लागू नये!

याच माणिकरावांकडे 1907 ते 1910 या काळात डभईचे जगन्नाथ गणेश गुणे शिकले. नंतर ते आपल्या खानदेशात, अमळनेरला शिक्षक झाले. आपल्या तालुक्याच्या उत्तर सीमेवरून जी नर्मदा वाहते, तिच्याच काठी खाली माळसरला त्यांना माधवदासजींकडून योगविद्या मिळाली. हेच पुढे स्वामी कुवलयानंद; 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे.

मात्र गुरूचे नाव सांगून ते थांबले नाहीत. बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी योगक्रिया यंत्रांपुढे आणल्या. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब उणा होतो, पोकळी तयार होते, हे मोजून दाखवले. आणि त्या पोकळीला गुरूचे नाव दिले, माधवदास पोकळी. श्रद्धा आणि तपासणी एका घरात कशा नांदतात, याचा हा दाखला आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पोराला वर्गात घालण्यापूर्वी शिक्षकाला तीन गोष्टी विचारा. कोणाकडे शिकलात? किती वर्षे? शिकवलेले तपासून पाहू देता का? कागदाचा आम्हांला तिटकारा नाही, पण कागद ही साखळीची एक कडी आहे, साखळी नव्हे. मोलगीकडच्या पोराला तिरकामठा मामाने शिकवलेला असतो. कागद नसतो, पण मामा गावात असतो, आणि त्याचा नेम सगळ्यांनी पाहिलेला असतो.

आता आमची पाळी. आम्हांला मागणीपत्र लिहायला छापखान्यातल्या एका खिळेजुळाऱ्याने शिकवले. रोज रात्री, चार वर्षे. जे वाक्य कामगाराला वाचून कळत नाही ते खोडायचे, हा त्यांचा पहिला धडा. आजच्या भाषणात तसे एखादे राहिले असेल, तर दोष आमचा, वस्तादाचा नव्हे.