एसी किती युनिट खातो?

पिंगळी घ्या की परभणी, मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की घरोघरी एकच वाद रंगतो. एसी घ्यायचा, की कूलरवरच भागवायचं? एसीची किंमत दुकानदार सांगतो, पण लाईट बिल किती येईल ते ज्याचं त्यानेच काढायचं असतं.

एसी म्हणजे खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकणारा पंप. दीड टन म्हणजे उष्णता फेकायची ताकद, साधारण सव्वापाच किलोवॅट. हा आकडा विजेचा समजून पुष्कळ जण उगाच धसका घेतात. वीज लागते त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी.

स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तासांचे. समजा ८०० लिहिलेत, तर तासाला सरासरी अर्धा युनिट.

पण लेबलला तुमचं छत कुठं ठाऊक? जुन्या माळवदाखाली दुपारीही गारवा असायचा. स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि दिवेलागणीनंतर ती धग आत सोडत बसतो. म्हणून खरा हिशेब आपल्याच मीटरवर करावा. मीटरवर बारीक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, समजा ३२००. फ्रिज, पंखे, मोटर, सगळं बंद करून फक्त एसी लावा आणि घड्याळ लावून मिनिटभर मोजा. ८० भरल्या, तर एसी दीड किलोवॅट ओढतोय, म्हणजे तासाला दीड युनिट. दोन तासांनी पुन्हा मोजा. इन्व्हर्टर एसी असेल आणि खोली गार झाली असेल, तर पंचविसावर आलेला दिसेल, म्हणजे अर्ध्या किलोवॅटच्याही आत. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारून मोजलंत तर आणखी गंमत.

आता बिल. तासाला अर्धा युनिट धरला तर रोज आठ तासांचे महिन्याला १२० युनिट. एरवी तुमचा वापर ९० असेल, तर एकूण २१०. महावितरणचा पहिला टप्पा शंभरावर संपतो. म्हणजे एसीच्या १२० पैकी ११० युनिट वरच्या, महाग दराने. कूलर दीडशे-दोनशे वॅटमध्ये भागवतो, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तो पुरतोही. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली, की मग त्याचं काही चालत नाही.