पावित्र्याचे दर्शन आणि पाचारण

ख्रिस्ती माणसाला आपल्या जीवनाचे प्रयोजन कोठून कळते, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती साहित्याच्या व्यासपीठावर नव्याने मांडण्याची गरज आहे, कारण त्याचे उत्तर माणसाच्या आवडीनिवडींत, गुणांत आणि यशाच्या अपेक्षेत शोधण्याचा मोह लेखकांना आणि उपदेशकांना सहज होतो. पवित्र शास्त्राची वाट तेथून सुरू होत नाही. ती भयापासून सुरू होते. होरेब डोंगरावर जळत्या झुडपासमोर मोशे तोंड झाकून घेतो. गनेसरेत सरोवरात जाळी माशांनी फाटू लागल्यावर पेत्र येशूच्या पाया पडून त्याने आपल्यापासून दूर जावे अशी विनवणी करतो. आणि नेमक्या याच घटकेला, जेव्हा दोघांनाही स्वतःच्या लायकीचा भरवसा उरलेला नसतो, तेव्हा एकाला फारोकडे आणि दुसऱ्याला माणसे धरण्यासाठी पाठवले जाते.

या प्रसंगांत सर्वांत खोल वृत्तांत यशयाच्या सहाव्या अध्यायातला आहे, आणि त्याच्या आरंभीचा कालनिर्देश वाचकाने घाईने ओलांडू नये. यहूदाचा राजा उज्जीया ज्या वर्षी मरण पावला, म्हणजे सुमारे इ.स.पू. ७४० मध्ये, यशयाला हे दर्शन घडले. उज्जीयाची कारकीर्द दीर्घ व वैभवाची होती. परंतु बळ वाढल्यावर तो उन्मत्त झाला, याजकांचा अधिकार स्वतःकडे घेऊन धूप जाळण्यासाठी मंदिरात शिरला, तेथेच त्याच्या कपाळावर कोड फुटले आणि मरेपर्यंत त्याला वेगळ्या घरात राहावे लागले, असे इतिहासाचे दुसरे पुस्तक सांगते. लेवीयाच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा रोग्याने वरचा ओठ झाकून आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगायचे असे. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे यशयाच्या आक्रोशाचा अर्थ उलगडतो: सराफीम, म्हणजे सिंहासनाभोवती उभे असलेले सहा पंखांचे दिव्य सेवक, परमेश्वराचे पावित्र्य तीनदा घोषित करतात, तेव्हा आपले ओठ अशुद्ध आहेत आणि आपण अशुद्ध ओठांच्या लोकांत राहतो, असे म्हणत संदेष्टा स्वतःला त्या कोडी राजाच्या रांगेत उभा करतो.

यानंतर जे घडते ते मराठी मनाला विशेष विचार करायला लावणारे आहे. येथे पावित्र्य म्हणजे देवाचे सर्व निर्मितीहून असलेले वेगळेपण, ज्याच्यापुढे माणसाचे नैतिक दैन्य उघडे पडते. पण सोवळ्याओवळ्याच्या व्यवस्थेत वाढलेल्या समाजाला पावित्र्य म्हणजे जपावी लागणारी, स्पर्शाने नाहीशी होणारी गोष्ट वाटते, तर यशयाच्या दर्शनात वेदीवरचा निखारा सराफीमांपैकी एकाच्या हातून अशुद्ध ओठांकडे चालून येतो, त्यांना शिवतो आणि विटाळत नाही. ओठच शुद्ध होतात. शुभवर्तमानात येशू कुष्ठरोग्याला हात लावतो तेव्हा हीच दिशा दिसते. म्हणून ज्याला या पावित्र्याचा स्पर्श झाला त्याचे प्रयोजन ठरलेल्या दिशेनेच वाहते: जेथे समाजाने विटाळ मानला तेथे. अलिप्त राहून शुद्धता राखू पाहणारी ख्रिस्ती धार्मिकता, तिची भाषा कितीही भक्तिपूर्ण असो, या दर्शनाला पारखी आहे.

यशयाला मिळालेले काम मात्र यशाचे नव्हते. लोक ऐकतील पण समजणार नाहीत, हे त्याला आधीच सांगितले गेले, आणि हे कोठवर चालायचे असे विचारल्यावर नगरे ओसाड होईपर्यंत असे उत्तर मिळाले. तरीही तो मागे फिरला नाही. स्वतः निवडलेले ध्येय अपयशाने मोडते. सिंहासनाकडून आलेले पाचारण श्रोत्यांच्या प्रतिसादावर अवलंबून नसते.

महाराष्ट्रात अशा पाचारणाचे सर्वांत प्रांजळ उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला आणि विधवांसाठी शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत उघडले; पण ख्रिस्ती धर्म स्वीकारला असूनही त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त आपल्याला अजून सापडला नव्हता, हे त्यांना १८९१ च्या सुमारास उमगले, अशी त्यांची स्वतःची साक्ष आहे. म्हणजे कार्य आधी होते आणि पापाची व कृपेची खोल जाणीव नंतर आली. रमाबाईंच्या चरित्रकारांनी या क्रमाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. या जाणिवेने कामाचा विषय बदलला नाही, त्याची व्याप्ती बदलली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली व स्त्रिया आणल्या, केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले, आणि ज्या स्त्रियांना पतित ठरवून समाजाने दार लावले होते त्यांच्यासाठी तेथेच कृपासदन निघाले. निखारा ज्या दिशेने गेला होता ती हीच दिशा.

साहित्यिकांच्या सभेत एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. देवाने यशयाच्या हातांना किंवा हृदयाला नव्हे, ओठांना स्पर्श करविला. बोलणे हेच त्याचे काम होते, आणि जे अंग कामाला लावायचे तेच आधी भाजले गेले. मराठी ख्रिस्ती लेखनात तयार वाक्प्रयोगांची जी सवय जडली आहे, ज्या सुबक पण कोणालाही न पोळणाऱ्या भाषेत कृपा आणि तारण यांविषयी लिहिले जाते, तिचे मूळ कौशल्याच्या अभावात नसून या न भाजलेल्या ओठांत आहे. रमाबाईंनी भाषा जवळजवळ नव्याने शिकून घेतली: हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून, शास्त्रार्थाच्या पंडिती वळणाची सवय मागे टाकून, सामान्य स्त्रीला समजेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल आणले. ते भाषांतर त्यांच्या निधनापूर्वी, १९२२ मध्ये, पूर्ण झाले आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्याचे खिळे जुळवण्याचे काम मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केले.