वसाहतीतील दुपार
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



रुग्णसेवेचा विचार करताना रुग्ण ज्या वसाहतीतून येतो तिचाही विचार करावा लागतो. म्हणूनच आज आम्ही डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी विभागाविषयी बोलणार आहोत.

१९६४ साली येथे औद्योगिक वसाहत स्थापन झाली आणि तिला लागूनच घरे वाढली. सकाळ झाली की कर्ती माणसे लोकलने मुंबईकडे निघतात. डोंबिवली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४८ किलोमीटर. निरोप मिळताच मुलगा निघाला तरी घर गाठेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. दुपारी वसाहतीत उरतात ती प्रामुख्याने वृद्ध मंडळी, मुले आणि त्यांना सांभाळणाऱ्या गृहिणी.

२६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी येथील रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. जीवितहानी झाली, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. दोन्ही स्फोट भरदिवसाच झाले.

नित्याचे संकट मात्र आवाज करीत नाही. तोंड एका बाजूला वाकडे होते, हात उचलत नाही, बोलणे अडखळते. ही पक्षाघाताची लक्षणे होत. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध योग्य रुग्णास साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मुलाची वाट पाहण्यात त्यांतील दोन तास गेले, तर ती हानी निष्णात डॉक्टरही भरून काढू शकत नाहीत.

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. परंतु लक्षण ओळखून तो क्रमांक लावणारा बहुधा शेजारीच असतो, आणि उद्वाहन नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून रुग्णास खाली आणण्यास हात देणाराही तोच.

देणगीदारांना आमची विनंती आहे की, यंत्रसामग्रीइतकेच महत्त्व शेजाऱ्यांच्या प्रथमोपचार-शिक्षणास आणि जिन्यावरून रुग्ण उतरविण्याच्या घडीच्या खुर्चीस द्यावे. कुटुंबीयांना आमचे सांगणे इतकेच : घराची एक किल्ली, चालू औषधांची यादी आणि जुन्या तपासण्यांचे कागद विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवा. आमची वाट न पाहता रुग्णालयात न्या, असेही त्यांना आजच सांगून ठेवा.

रुग्ण वेळेत आला, तर आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाचे सार्थक होईल.