रोजच्या माणसांची कदर

(हीरक महोत्सवाच्या मुख्य समारंभात शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



हिऱ्यांच्या शहरात मराठी शाळेचा हीरक महोत्सव व्हावा, हा योग सुरेख आहे. सुरतेत हिरा कसा घडतो हे आपल्यापैकी अनेकांनी वराछा-कतारगामच्या कारखान्यांत पाहिले असेल. एका घंटीभोवती चार रत्नकलाकार बसतात. चौघांच्या हातांतले हिरे निराळे, फिरणारी चकती मात्र एकच. गोल ब्रिलियंट घाटाच्या हिऱ्याला 57 पैलू असतात, आणि खडा तयार होईपर्यंत तो अनेक हातांतून जातो. अंगठी घालणाऱ्याला मात्र त्यांतले एकही नाव ठाऊक नसते. शहरात राहणाऱ्या आपणा सर्वांची स्थिती अशीच आहे. आज मला त्या अनामिक हातांविषयी बोलायचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील खानदेशातून इथे आले. तापी तिकडूनच वाहत येते आणि तिच्या खोऱ्यातली रेल्वेही तिकडूनच येते. त्या वाटेने आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थिरावली. यंत्रमागांवर त्यांच्या शेजारी ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले कारागीर होते, तेलुगू पद्मशाली होते, उत्तर प्रदेश-बिहारचे तरुण होते. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी असे आपले बालपण गेले. शाळेने आपली भाषा जपली. पण आपले पोट आणि आपला संसार या साऱ्या शेजाराने जपला.

सप्टेंबर 1994 मधले ते दिवस ज्येष्ठांना आठवत असतील. प्लेगची वार्ता पसरली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. अनेक खासगी दवाखाने व औषधांची दुकाने बंद झाली. तेव्हा शहर कोणाच्या खांद्यावर उभे राहिले? सिव्हिल हॉस्पिटलमधले डॉक्टर, परिचारिका आणि वॉर्डबॉय, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटणारे आरोग्य कर्मचारी आणि साचलेला कचरा उपसणारे सफाई कामगार यांच्या! पुढे 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. अधिकाऱ्यांनी कचेरी सोडून रोज रस्त्यावर फिरावे, असा दंडक त्यांनी घातला. 1996 मध्ये हेच सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत चंदीगढच्या खालोखाल गणले गेले. आयुक्तांचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी प्रत्यक्ष झाडू धरला, त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव आपण सांगू शकू का? रात्री रस्ते झाडून ते सकाळी निघून जातात. आपल्याला दिसतो तो केवळ स्वच्छ रस्ता.

ऑगस्ट 2006 मध्ये तापीला पूर आला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. वरच्या मजल्यांवरच्या घरांनी तळमजल्यांवरच्यांना आसरा दिला. चार घरांचा शिधा एका चुलीवर शिजला. संकटात माणुसकी जागी होते, असे आपण अभिमानाने सांगतो. मला मात्र वाटते की माणुसकीची खरी कसोटी पूर ओसरल्यानंतर लागते. पाणी उतरले, भिंतींना रंग लागला, दारे पुन्हा बंद झाली. ज्या घराने आसरा दिला, त्या घरी आज कोण आजारी आहे, हे आपल्याला माहीत असते का?

कदर ही मनात बाळगण्याची भावना नव्हे, ती आचरणाची गोष्ट आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे, फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वेगळी हातात देणे, म्हणजे सफाई कामगाराच्या बोटांची कदर. घरकामाच्या मावशींना ठरल्या तारखेला पगार देणे आणि आजारपणाची रजा न कापणे, म्हणजे त्यांच्या श्रमांची कदर. गोड बोलावे, पण नुसत्या गोड बोलण्याने कोणाची चूल पेटत नाही. आणि याहून सोपी एक गोष्ट आहे: नाव विचारणे. ‘वॉचमन’, ‘कचरेवाला’, ‘लिफ्टवाला’ ही नावे नव्हेत, ती कामे आहेत. आपली मुले आपले बोलणे ऐकतच माणसांना हाक मारायला शिकतात.

म्हणून गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे. ‘माझा आवडता पक्षी’ हा निबंध मुलांनी अवश्य लिहावा. पण वर्षातून एकदा ‘आमच्या गल्लीतला एक माणूस’ हाही विषय द्यावा. अट एकच: मुलाने त्या माणसाशी प्रत्यक्ष बोलून त्याचे नाव, गाव आणि घरची भाषा विचारून यावे. पालकांनी त्या दिवशी मुलाबरोबर जावे. कदाचित आपल्यालाही ते नाव प्रथमच कळेल.

हिरा घासायला हिऱ्याचीच भुकटी लागते. दुसऱ्या कशानेही त्याला पैलू पडत नाहीत. माणसाचेही तसेच आहे. साठ वर्षे या शाळेने आपल्याला अक्षरे दिली. त्या अक्षरांत आपल्या भोवतालच्या माणसांची नावे लिहिली जावोत, अशी सदिच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.