कोंबडी मेली तर आधी कोणाला सांगाल?

कामं आटोपून रेडिओजवळ बसला असाल, नाहीतर हातातलं काम चालू ठेवूनच ऐकत असाल. आज आपण कोंबड्यांविषयी बोलणार आहोत. आपल्या रायगडच्या किनारपट्टीवर ज्या घरात भाताची कणी आहे, त्या घराच्या मागे खुराडं आहेच. अंडी विकून पोरांच्या वह्या येतात, पाहुणा आला तर कोंबडी कापली जाते आणि गटाचा हप्ताही कधी कधी याच पैशातून भरला जातो.

जानेवारी 2025 मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये घरगुती कोंबड्या पटापट मेल्या. हे तेच चिरनेर, जिथे 1930 मध्ये जंगल सत्याग्रह झाला. नमुने तपासले आणि बर्ड फ्लू असल्याचं निष्पन्न झालं. बातमी आमच्या गावात पोहोचली तेव्हा गटाच्या बैठकीत सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. कोणी म्हणाली, आता कोंबड्या विकून मोकळं व्हा. कोणी म्हणाली, आपल्याकडे एखादी मेली तरी बोलू नका, नाहीतर सगळ्या गावाच्या मारून टाकतील. झाकली मूठ सव्वा लाखाची!

त्या बैठकीत आम्हाला आमचीच एक जुनी चूक आठवली. काही वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईच्या कोंबड्या मरायला लागल्या. तिने गटातून कर्ज काढून पिल्लं घेतली होती. दोन मेल्या तेव्हा तिने त्या खाडीत टाकल्या. उरलेल्या घाईघाईने स्वस्तात विकल्या, आणि विकत घेणाऱ्या कोण, तर आम्हीच. पंधरा दिवसांत पाच घरांची खुराडी रिकामी झाली. तो आजार नेमका कोणता होता, ते आम्हाला आजही सांगता येणार नाही, कारण आम्ही तपासायलाच दिलं नाही. दोष त्या एकट्या ताईचा नव्हता. स्वस्त का देते, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नाही.

आपण असं का वागतो? कारण मानमोडी जवळजवळ दरवर्षी येतेच. चार कोंबड्या मेल्या की आपण म्हणतो, हवा बदलली. पण मानमोडी आणि बर्ड फ्लू बाहेरून सारखेच दिसू शकतात. तुरा निळसर पडणं, डोकं सुजणं, अंडी अचानक कमी होणं, कवच मऊ येणं, काल चालणारी कोंबडी आज सकाळी मेलेली सापडणं. डोळ्यांनी बघून फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो. पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पुण्याला आणि तिथून खात्रीसाठी भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातो.

आता बंदी म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. बर्ड फ्लू ठरला की त्या जागेभोवतीचा साधारण 1 किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र धरतात. तिथल्या कोंबड्या मोजून मारतात आणि खड्ड्यात चुना टाकून पुरतात. अंडी आणि खाद्यही नष्ट करतात. त्यापुढे 10 किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात आणि कोंबड्यांची ने-आण थांबवतात. परवानगी मिळेपर्यंत नवी पिल्लं आणता येत नाहीत.

खाद्य कशाला पुरतात, असं आम्हालाही वाटलं होतं. पण हा विषाणू विष्ठेतून पसरतो. खुराड्याजवळच्या पोत्यावर, भांड्यावर, आपल्या चपलांवर तो बसतो. आपण शेजारणीला अर्धं पोतं खाद्य उसनं देतो, तिची रिकामी गोणी घेऊन येतो. त्या गोणीबरोबर आजार एका अंगणातून दुसऱ्या अंगणात चालत जातो.

आता पैशाचं बोलू, कारण लपवालपवी पैशापायीच होते. सरकार भरपाई देतं, पण मोजून मारलेल्या कोंबड्यांची. आधीच मेलेल्या कोंबडीची भरपाई मिळत नाही. 2021 मध्ये आठ आठवड्यांवरच्या, अंडी देणाऱ्या कोंबडीला 90 रुपये, अंड्याला 3 रुपये आणि खाद्याला किलोमागे 12 रुपये असा दर होता. दर बदलत असतात, म्हणून आजचा दर आपल्या दवाखान्यात विचारून घ्या. गावठी कोंबडी बाजारात कितीला जाते, ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे भरपाईने नुकसान भरून येणार नाही, हे खरं. पण हिशोब करून बघा. वीस कोंबड्यांपैकी एक मेल्यावर कळवलं, तर एकोणीस मोजल्या जातात. पंधरा मेल्यावर कळवलं, तर पाचच. आणि कळवलंच नाही, तर हाती काहीच नाही आणि शेजारणीचंही गेलं.

हे संकट फक्त आपल्या परसातल्या कोंबड्यांवर येतं असं नाही. महाराष्ट्रात बर्ड फ्लू पहिल्यांदा फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. देशातला तो पहिलाच. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळ मुरुंबा गावात एका फार्मवर दोन दिवसांत आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. तो फार्म बचत गटाचा होता, आपल्यासारख्याच. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये या आजाराने 11 वर्षांचा मुलगा दगावला. माणसाला हा आजार क्वचित होतो, पण झाला तर जीवघेणा ठरतो. म्हणून मेलेली कोंबडी पोरांना उचलायला लावू नका. तिला उघड्या हाताने शिवू नका, सोलू नका, कुत्र्यापुढे टाकू नका, खाडीत तर मुळीच नको.

मग चिकन-अंडी खायची की नाही? निरोगी कोंबडीचं मांस आणि अंडं पूर्ण शिजवून खायला हरकत नाही. 70 अंश तापमानाला हा विषाणू मरतो, आणि आपला रस्सा त्याहून कितीतरी जास्त उकळतो. कच्चं किंवा अर्धवट उकडलेलं अंडं मात्र नको. कच्चं मांस चिरलेली विळी आणि हात साबणाने धुवा.

दुसरी गोष्ट नोंदीची. जानेवारी 2011 मध्ये जर्मनीत वेगळंच संकट आलं होतं. कारखान्यात वापरायची चरबी पशुखाद्यात मिसळली गेली आणि त्यातून डायॉक्सिन नावाचं विष अंड्यांत आणि मांसात उतरलं. सरकारने चार हजारांहून जास्त शेतांची विक्री थांबवली. खाद्य कोणत्या कारखान्यातून कोणत्या शेतावर गेलं, हे कागदांवरून शोधावं लागलं. आपल्याकडे उद्या खाद्यात काही निघालं, तर आपल्या हातात काय कागद असेल? सुटं खाद्य, ना पावती, ना तारीख.

पण ताईंनो, लिहून ठेवणं आपल्याला नवं नाही. दहा रुपयांची बचतसुद्धा आपण वहीत लिहितो. आमच्या गटाने आता त्याच वहीच्या मागच्या पानांवर कोंबड्यांची नोंद सुरू केली आहे. कोणाकडे किती कोंबड्या, खाद्य कोणत्या दुकानातून कोणत्या तारखेला आणलं, लस कधी दिली, किती मेल्या. खाद्याची पावती त्याच पानाला टाचतो. पोत्याला ओल लागली, बुरशीचा वास आला, तर ते खाद्य कोंबड्यांना घालत नाही आणि कोणाला उसनंही देत नाही.

आणि एक ठराव केला आहे. कोंबड्या अचानक मेल्या, तर त्याच दिवशी गटाला सांगायचं. गटाने ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. 1962 या नंबरवर फोन करायचा. उरलेल्या कोंबड्या खुराड्यातच ठेवायच्या, विकायच्या नाहीत, पाहुण्यांकडेही पाठवायच्या नाहीत. 2009 च्या कायद्याप्रमाणे असा संशय आला तर कळवणं मालकाचं कर्तव्यच आहे. आणि जिने कळवलं तिला गावात कोणी बोल लावला, तर गटाने तिच्या बाजूने उभं राहायचं. तिच्या कोंबड्या गेल्या, तर तिच्या कर्जाचा हप्ता पुढे ढकलायचा. हे शेवटचं कलम आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या मागे कोणी आहे हे कळलं, तरच बाई तोंड उघडते.

तुमच्या पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की हा विषय काढा. आपल्या गटात एकूण कोंबड्या किती, एवढं तरी त्या दिवशी वहीत लिहा. बाकीचं त्यातूनच सुरू होईल.