वखारीतील धूळ आणि ग्रंथालयाचे कपाट



संशोधन म्हटले की गणिती समीकरणे डोळ्यांपुढे येतात. शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. वसंतराव हुजूरबाजारांची संख्याशास्त्रातील कीर्ती आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच. पण निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळताना नाकातोंडात जाणारी धूळ, हाही अभ्यासविषयच! तेथील कामगार स्त्रियांच्या संघटनेवर छाया दातार यांचा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला, पण इंग्रजीत. ज्यांच्या कष्टांवर तो उभा आहे, त्यांना तो कोण वाचून दाखवणार? त्या आता थकल्या असतील. शंभर वर्षे आपण वाचकाची वाट पाहिली. एखाद्या संध्याकाळी ग्रंथपालांनीच पुस्तक घेऊन त्यांच्या दारी जावे, जमेल तसा मराठीत अर्थ सांगावा. कुठे चुकले असेल, तर त्या बायाच सांगतील.